डेंग्यूनंतर राहिलेला थकवा : निदान, रजा आणि एकेका औषधाची परीक्षा

क्रॉनिक फटिग सिंड्रोम (दीर्घकाळ न हटणाऱ्या थकव्याचा आजार), किंवा वैद्यकीय कागदपत्रांत लिहितात तसे एमई-सीएफएस, हे निदान माझ्या फाइलवर एप्रिल २०२३ मध्ये लिहिले गेले. त्याआधीचे महिने आणि त्यानंतरची वर्षे कशी गेली, कोणत्या तपासण्या उपयोगी पडल्या, कोणत्या औषधाने काय केले आणि सरकारी नोकरीत रजेचे कागद कसे जमवावे लागले, हे क्रमाने लिहून ठेवत आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. हेच निदान असलेल्या ज्या रुग्णांशी माझी ओळख झाली, त्यांपैकी एकाचाही आजार माझ्यासारखा नाही आणि एकाचेही औषध मला जसेच्या तसे लागू पडलेले नाही. त्यामुळे पुढे येणारी औषधांची नावे आणि मात्रा डॉक्टरांशी बोलताना संदर्भ म्हणून वापराव्यात, त्यापलीकडे नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये, गणपतीचे विसर्जन आटोपल्यावर, मला डेंग्यू झाला. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत आणखी दोघे-तिघे तापाने पडले होते. प्लेटलेट्स ५८ हजारांपर्यंत उतरल्या, पण रुग्णालयात दाखल व्हावे लागले नाही आणि आठवड्याभरात ताप गेला. थकवा काही आठवडे राहील, असे डॉक्टरांनी सांगितलेच होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी कामावर रुजू झाले. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात मी वरिष्ठ लिपिक आहे. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडून पूल ओलांडून ट्रान्स हार्बरच्या फलाटावर जायचे, पनवेल गाडी पकडायची आणि बेलापूरला उतरून कार्यालयापर्यंत चालायचे, हा अनेक वर्षांचा परिपाठ होता. आता त्याच जिन्याच्या मधल्या टप्प्यावर कठडा धरून थांबावे लागू लागले. डेंग्यूनंतर पुष्कळांना असे होते, त्यामुळे कोणालाच त्याची फारशी काळजी वाटली नाही.

लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या शनिवार-रविवारी मी सासूबाईंबरोबर चकल्या, शेव आणि करंज्या केल्या, बहुतेक वेळ ओट्यापाशी उभी राहून. त्या दोन दिवसांत काहीही झाले नाही, उलट हुरूप वाटला. सोमवारी संध्याकाळी घसा दुखू लागला, काखेतल्या गाठी दुखऱ्या झाल्या आणि मंगळवारी सकाळी दात घासताना हात वर धरून ठेवता येईना. ताप नव्हता. भाऊबीजेला भाऊ आला तेव्हा मी पलंगावर बसूनच त्याला ओवाळले, आणि मुलीला निरांजन आणायला सांगताना तो शब्दच मला आठवेना. मी नुसती हाताने खूण करत राहिले. दहा-बारा दिवसांनी थोडी उभारी आली. पुढे लेखापरीक्षणाच्या आठवड्यानंतर आणि जानेवारीतल्या हळदीकुंकवानंतर हेच पुन्हा घडले. प्रत्येक वेळी श्रमाच्या दिवशी मी ठीक असे आणि एक-दोन दिवसांनी कोसळत असे. मुलीच्या जुन्या वहीत मी तारखेपुढे दोन रकाने आखले, एकात त्या दिवशी काय केले ते आणि दुसऱ्यात त्यानंतरच्या दोन दिवसांत काय झाले ते. पुढे निदानासाठी सर्वांत अधिक उपयोग या वहीचाच झाला.

नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने तपासण्यांत गेले. हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे माप) ९ आणि ड जीवनसत्त्व ११ निघाले. थायरॉइड, साखर, यकृत, मूत्रपिंड आणि छातीचा एक्स-रे यांत काही दोष नव्हता. लोहाच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची आठवड्याला एक पुडी सुरू झाली. फेब्रुवारीपर्यंत फेरिटिन ४८ झाले, हिमोग्लोबिन १२ च्या वर गेले, आणि थकव्यात काडीचाही फरक पडला नाही. ही कमतरता भरून काढणे आवश्यकच होते, याबद्दल वाद नाही. परंतु आपल्याकडे बायकांमध्ये ती इतकी सर्रास सापडते की एकदा ती सापडली म्हणजे कारण मिळाले, असे समजून शोध तिथेच थांबतो. एक व्यावहारिक सूचना अशी की संपूर्ण शरीर तपासणीच्या सवलतीच्या पॅकेजवर विसंबू नये. माझ्या पॅकेजमध्ये फेरिटिन, स्नायूंसाठीची सीके चाचणी, गव्हाच्या असहिष्णुतेसाठीची अँटिबॉडी आणि सकाळचे कॉर्टिसॉल यांपैकी एकही तपासणी नव्हती. ती सर्व नंतर वेगळे पैसे भरून करावी लागली. तोपर्यंत खर्च अठरा हजारांच्या घरात गेला होता. रुग्णालयात दाखल नसल्यामुळे विम्यातून काही मिळाले नाही. राज्य कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीसाठी आकस्मिक आणि गंभीर आजारांची ठरावीक यादी असते, तिच्यातही हे बसत नव्हते.

फेब्रुवारीत मला एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवण्यात आले. आजारपणाने स्नायू ढिले पडले आहेत, तेव्हा उपवन तलावाकाठी रोज दहा मिनिटे चालावे आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत, असा कार्यक्रम त्यांनी आखून दिला. तिसऱ्या आठवड्यात मी अंथरुणाला खिळले आणि मार्च निम्मा उलटेपर्यंत उठू शकले नाही. हा सल्ला त्या फिजिओथेरपिस्टच्या मनचा नव्हता. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पेस’ या ब्रिटिश चाचणीत ६४१ रुग्णांचा अभ्यास होता, आणि टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याला तिने आधार दिला होता. पुढे त्या चाचणीच्या पद्धतीवर कडक टीका झाली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मधील मार्गदर्शिकेत, ठरवलेल्या हप्त्यांनी वाढत जाणारा व्यायाम या रुग्णांना देऊ नये, असे स्पष्ट लिहिले. समुपदेशनाचा उपयोग आजाराशी जुळवून घेण्यासाठी होऊ शकतो, परंतु ते आजारावरचे औषध नव्हे, असेही त्या मार्गदर्शिकेत आहे. ही मार्गदर्शिका फुकट उपलब्ध आहे. तिची संबंधित पाने छापून फाइलमध्ये ठेवली, तर फिजिओथेरपिस्टशी वाद घालत बसावे लागत नाही.

मार्चमध्ये मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन आले. घरात थोडी कुजबुज झाली, पण त्या भेटीने माझे काम पुष्कळ सोपे केले. ‘उद्या सकाळी एकदम बऱ्या झालात तर काय कराल?’ असे त्यांनी विचारले आणि मी न थांबता यादी सांगू लागले. इच्छा आणि रस शाबूत आहे, श्रम केल्यावर शरीर साथ देत नाही, नैराश्याच्या आजाराची लक्षणे आढळत नाहीत, असे त्यांनी लेटरहेडवर लिहून दिले. दीर्घ आजारामुळे काहींना नैराश्य येतेही, आणि तेव्हा त्याचा उपचार वेगळा घ्यावा लागतो. माझ्या बाबतीत मात्र त्या एका पानामुळे ‘मनावर घेऊ नका’ हा सल्ला बराच कमी झाला.

संधिवाततज्ज्ञांची वेळ मिळायला तीन आठवडे लागले. शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटली आहे का, हे पाहणारी एएनए चाचणी निगेटिव्ह आली आणि सांध्यांना सूज नव्हती. त्यांनी मला ठाण्यातल्याच एका ज्येष्ठ फिजिशियनकडे पाठवले. त्यांची फी १,५०० रुपये होती आणि पहिल्या भेटीला त्यांनी पाऊण तास दिला. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली. मग अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली दिलेले निकष माझ्यासमोर ठेवून एकेक प्रश्न विचारला. पूर्वीसारखे काम करण्याची क्षमता थकव्यामुळे लक्षणीय घटलेली असणे आणि ही अवस्था सहा महिन्यांहून अधिक टिकणे, श्रमानंतर प्रकृती ढासळणे, आणि झोपूनही ताजेतवाने न वाटणे ही तीन लक्षणे असावी लागतात. त्यांच्या जोडीला विचार व स्मरण यांत अडथळा किंवा उभे राहिल्यावर वाढणारा त्रास, यांपैकी निदान एक तरी लागते. मला ही पाचही लागू होती. रक्ताची एखादी चाचणी करून हा आजार सिद्ध करता येत नाही, त्यामुळे आधीच्या सर्व नकारार्थी अहवालांना इथे अर्थ आला. हा आजार म्हणजे अलीकडचे फॅड असावे, असे सासूबाईंना वाटत होते. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील कर्मचाऱ्यांमध्ये १९५५ साली त्याची साथ पसरली होती आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत तो १९६९ पासून आहे, हे मी त्यांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग तेव्हापासून औषध नाही काढलं होय कोणी?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता रजेविषयी. निदानानंतर मी दीर्घ वैद्यकीय रजेवर गेले. राज्याच्या १९८१ च्या रजा नियमांनुसार पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे २० दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते, आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परिवर्तित करून पूर्ण वेतनाची घेता येते. मात्र खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. आस्थापना शाखेतील लिपिकांनी प्रमाणपत्रावरचा ‘थकवा’ हा उल्लेख पाहून अर्ज परत केला. तेव्हा डॉक्टरांनी नव्या प्रमाणपत्रावर पूर्ण निदान आणि आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीतील जी ९३.३ हा संकेतांक लिहिला, आणि अर्ज त्याच दिवशी पुढे गेला. खरी अडचण परत रुजू होताना आली. तंदुरुस्तीच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात, कर्मचारी आजारातून बरा झाला असून कामास योग्य आहे, अशा अर्थाचा मजकूर असतो, आणि ‘बरा झाला’ यावर सही करायला डॉक्टर तयार होईनात. शेवटी त्यांनी नमुन्यावर ‘कामास योग्य’ एवढ्यालाच दुजोरा दिला आणि सोबत वेगळे पत्र जोडले. बसून करण्याचे काम द्यावे, अभिलेख कक्षात उभे राहण्याचे काम देऊ नये आणि दुपारी अर्धा तास आडवे पडण्याची सोय असावी, असे त्यात होते. हे पत्र रुजू अहवालासोबतच द्यावे आणि आवक क्रमांक टाकलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत हा आजार नावाने नाही, त्यामुळे त्या मार्गाचा मला उपयोग झाला नाही.

उपचार मे २०२३ मध्ये सुरू झाले आणि त्यांची सुरुवात एका साध्या परीक्षेने झाली. दवाखान्यात मला दहा मिनिटे निजवून नाडी व रक्तदाब मोजला, मग भिंतीपासून वीतभर अंतरावर टाचा ठेवून पाठ भिंतीला टेकवून उभे केले, आणि दर मिनिटाला आकडे लिहिले. निजलेली असताना नाडी ७४ होती. तिसऱ्या मिनिटाला ९६, आठव्या मिनिटाला ११०. रक्तदाब जवळजवळ होता तेवढाच राहिला. पावले जांभळट झाली होती आणि परिचारिकेने विचारलेला वार मला सांगता आला नाही. प्रौढांमध्ये रक्तदाब न उतरता नाडी दहा मिनिटांत ३० किंवा त्याहून अधिक वाढत राहिली, तर त्याला पॉट्स म्हणतात. ओट्यापाशी उभे राहणे, रेल्वेचा फलाट, लेखापरीक्षणाच्या वेळचे कपाटांपुढचे तास, हे सगळे प्रसंग या एका परीक्षेने एका धाग्यात आले. पाणी व मीठ वाढवणे, कमरेपर्यंतचे घट्ट मोजे (साडेतीन हजार रुपये, आणि ठाण्याच्या मे महिन्यात ते घालणे हा एक स्वतंत्र छळ) आणि नाडी मंद करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलची १० मिलिग्रॅमची गोळी, असा उपचार ठरला. मीठ वाढवण्याचा सल्ला रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी नाही. महिन्याभरात मी कुकर लावून, कणीक मळून, मधे न बसता बाहेर येऊ लागले.

याच दवाखान्यात ऐरोलीचा एक तरुण भेटत असे. त्याचा आजार २०२१ मध्ये कोविडनंतर सुरू झाला. घसा, गाठी वगैरे काही नाही, पण उभे राहिले की चक्कर आणि छातीत धडधड. माझी गोळी त्याला लगेच लागू पडावी, असे दोघांनाही वाटले होते. परंतु त्याला दमा आहे आणि प्रोप्रॅनोलॉलने श्वासनलिका आकुंचन पावू शकतात, त्यामुळे त्याला आयव्हाब्रॅडीन हे नाडी मंद करणारे दुसरे औषध दिले गेले. तो आता घरून अर्धवेळ काम करतो. उलट माझ्या झोपेसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी मला मुळीच मानवली नाही. दुपारपर्यंत गुंगी राहायची आणि नाडी आणखी वाढायची, जो त्या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे. ती बंद केली. कळव्याच्या एक बाई मात्र, ज्यांना अंगदुखी सर्वांत जास्त आहे, त्याच गोळीवर वर्षभरानंतर पहिल्यांदा सलग झोपल्या. निदान एकच असले तरी कोणाचे उभे राहणे बिघडलेले असते, कोणाची झोप, कोणाचे दुखणे पुढे असते, आणि औषध त्या बिघडलेल्या भागावर काम करते. मूळ आजारावर आज कोणतेही मान्यताप्राप्त औषध नाही.

म्हणून डॉक्टरांनी एक शिस्त लावून दिली होती. एका वेळी एकच बदल करायचा, तो निदान सहा आठवडे चालवायचा आणि वहीत नोंदवायचा. ही शिस्त मला औषधांइतकीच मोलाची वाटते, कारण हा आजार स्वतःहूनही वरखाली होत असतो आणि ज्या आठवड्यात बरे वाटते त्या आठवड्यात चालू असलेल्या औषधाला श्रेय मिळून जाते. नॉर्वेमध्ये रिटुक्सिमॅब या औषधाने आधीच्या छोट्या अभ्यासांत आशा निर्माण केली होती. १५१ रुग्णांची मोठी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा खरे औषध घेणारे आणि निष्क्रिय द्रव घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. एका नातेवाइकांनी कोणाला तरी पंचकर्माने, कोणाला तरी महागड्या सलाइनने गुण आल्याचे सांगितले की मला हीच चाचणी आठवते.

ऊर्जा बेताने खर्च करणे हा उपचाराचा कणा आहे, आणि सर्वांत कंटाळवाणा भागही. मी मनगटावरचे नाडी मोजणारे घड्याळ घेतले. सकाळच्या विश्रांतीच्या नाडीत १५ मिळवून येणाऱ्या आकड्यापुढे नाडी गेली की हातातले काम थांबवायचे, असा माझा नियम आहे. हा ढोबळ आडाखा आहे, आणि प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्याने तो डॉक्टरांना विचारूनच बसवावा. भाजी बसून निवडणे, स्नानासाठी प्लास्टिकचे स्टूल, आठवड्याचा बाजार घरपोच, दुपारी पडदे ओढून अर्धा तास आडवे होणे, हे सर्व त्यातूनच आले. अहो मला स्कूटरवरून स्थानकाच्या सरकत्या जिन्यापर्यंत सोडतात. बरे वाटत असलेल्या दिवशी थांबणे अतिशय जड जाते. पाहुणे बसलेले असताना उठून निजायला जाणे आजही मला जमतेच असे नाही.

जानेवारी २०२४ मध्ये अल्प मात्रेतील नाल्ट्रेक्सोन सुरू केले. व्यसनमुक्तीसाठी ही गोळी ५० मिलिग्रॅमची मिळते, त्यामुळे केमिस्टने चिठ्ठी दोनदा वाचली आणि माझ्याकडे एकदा पाहिले. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मी एक गोळी ५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवते, बाटली फ्रीजमध्ये ठेवते, वापरण्यापूर्वी चांगली हलवते आणि सुई नसलेल्या सिरिंजने मोजून घेते. एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम. सुरुवात अर्ध्या मिलिग्रॅमपासून झाली आणि काही महिन्यांत तीनपर्यंत आले. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके चालू असताना हे औषध घेता येत नाही, ही गोष्ट दंतवैद्यांनाही आठवणीने सांगावी लागते. पहिले दोन आठवडे चित्रविचित्र स्वप्ने पडली. तीन-चार महिन्यांनी डोक्यातले मळभ निश्चितपणे कमी झाले आणि टिपणी लिहिताना वाक्य हरवणे थांबले. चालण्याची मर्यादा मात्र होती तिथेच राहिली. या उपयोगाला अजून मोठ्या चाचण्यांचा पक्का आधार नाही. ऐरोलीच्या तरुणाने दोन महिने घेऊन ते सोडून दिले, त्याला काहीच जाणवले नाही.

दवाखान्यात कधीकधी एक आई एकटीच फाइल घेऊन येते. तिची महाविद्यालयात शिकणारी मुलगी दोन वर्षे अंथरुणावर आहे; उजेड आणि आवाज सहन होत नसल्याने खोलीला काळे पडदे आहेत, आणि गणपतीच्या दहा दिवसांत तिला गावी घेऊन जाण्याचीही सोय नाही, कारण प्रवासच सर्वांत घातक ठरतो. साधारण चतुर्थांश रुग्ण कधी ना कधी घरातच किंवा अंथरुणावर अडकून पडतात, असा अंदाज दिला जातो. त्या मुलीवर यातले एकही औषध चाललेले नाही. अगदी कमी मात्राही बाधतात. डॉक्टर तिला व्हिडिओवर पाहतात, तेही पाच-सात मिनिटे. अशा घराला माझ्या स्टुलाचा आणि सिरिंजचा सल्ला देणे मला योग्य वाटत नाही. गंभीर रुग्णाला दवाखान्यात यायला भाग पाडू नये, एवढे मात्र प्रत्येक डॉक्टरांना सांगता येईल.

ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटनच्या डिकोडएमई प्रकल्पाने १५,५७९ रुग्णांच्या जनुकीय तपासणीतून आठ ठिकाणी फरक आढळल्याचे जाहीर केले. मी ती बातमी डॉक्टरांना दाखवली. यातून आजाराची कारणे शोधायला दिशा मिळेल, पण आपल्याला सध्या कोणती तपासणी करायची नाही, असे ते म्हणाले, आणि आम्ही माझ्या वहीकडे वळलो.

सध्या मी आठवड्यातले चार दिवस कार्यालयात जाते आणि पाचव्या दिवसाची रजा खात्यातून वजा होते. शिल्लक फार नाही. कोसळणे पूर्वीइतके वारंवार होत नाही आणि झाले तरी तीन-चार दिवसांत सावरते. थंडीत प्रोप्रॅनोलॉल कमी करून पाहायचे ठरले आहे. ठाण्यातल्या कार्यालयात बदली मिळावी यासाठीचा अर्ज जूनमध्ये दिला आहे. त्याला तेच पत्र, तोच संकेतांक आणि उभे राहण्याच्या परीक्षेच्या तक्त्याची साक्षांकित प्रत जोडली आहे. आस्थापना शाखेत विचारले असता प्रस्ताव वर गेल्याचे सांगतात.